मुठीचा नकाशा

हाताची चाळीस टक्के कामं एकटा अंगठा करतो. गेली बावीस वर्षं मी हे वाक्य विद्यार्थ्यांना सांगत आले आहे, आणि दरवर्षी वर्गातला कुणीतरी शहाणा स्वतःचा अंगठा तळहातात दुमडून पेन उचलायला जातो. पेन पडतं, वर्ग हसतो आणि माझा अर्धा धडा तिथंच संपतो. उरलेला अर्धा मेंदूबद्दल असतो, आणि तो शिकवायला जन्म पुरत नाही.

मी मृणाल उपाध्ये. मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या हस्तविभागात नोकरी करते. डॉक्टर होनमाने गेलेल्या अंगठ्यांच्या जागी नवे बसवतात आणि मी ते चालवायला शिकवते. बसवण्यापेक्षा शिकवणं अवघड, असं मी म्हटलं की होनमाने चिडतात. चिडू देत. न शिकवलेला अंगठा म्हणजे हाताला लोंबणारा मांसाचा तुकडा, हे त्यांनाही ठाऊक आहे.

अभिनंदन चौगुले पहिल्यांदा आले ते २०५१च्या नोव्हेंबरात. वय चाळिशीच्या आतबाहेर, कृष्णाकाठच्या मळेवाडीत अकरा म्हशी, बोलणं हळू. उजव्या हाताचा अंगठा मुळापासून गेलेला होता. बरोबर बायको होती, त्रिशला. मी खुर्ची पुढे केली तरी ती बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली.

"कशानं गेला?" मी विचारलं.

"दोरानं," ते म्हणाले. "सेहेचाळीसच्या पुरात."

आमच्या भागात अंगठे दोनच गोष्टी खातात, चारा कापायची कडबाकुट्टी आणि जनावराचं दावं. जनावर धरणारा माणूस दोर नुसता तळहातात धरत नाही, कारण ओला दोर घसरतो. तो अंगठ्याला वेढे देतो. म्हैस किती जोरात ओढते, कुठल्या अंगाला वळणार, हे त्या वेढ्यांतून त्याला आधीच कळतं. असं करू नका म्हणून आम्ही गावोगाव पोस्टरं लावली, पण ही सवय बापाकडून मुलाकडे जाते आणि पोस्टरं भिंतीवर राहतात. म्हशीनं हिसका दिला तर माणसाला निदान ढील द्यायला वेळ मिळतो, पुरात तेवढाही मिळत नाही.

चौगुल्यांनी त्या दिवशी नावेचा दोर तसा धरला होता. माणसं घराच्या पत्र्यावरून नावेत उतरत होती. नाव स्थिर राहावी म्हणून त्यांनी नावेतच उभं राहून दोर लिंबाच्या बुंध्याभोवती घालून त्याचं टोक आपल्या अंगठ्यावर घेतलं. तीन वेढे. पाण्याला एकदम ओढ लागली आणि नाव हिसकली. अंगठा दोराबरोबर गेला, ते स्वतः बुंध्यावर आपटले. शुद्धीवर आले ते दुसऱ्या दिवशी, शाळेतल्या छावणीत. तोवर त्यांची चार वर्षांची मुलगी चिन्मयी वाहून गेली होती.

"माझ्या हातनं गेली चिनू," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी पुष्कळ वेळा उच्चारलेलं असावं, कारण ते कुठंही अडखळलं नाही. "पत्र्यावरनं माझा अंगठा धरून उतरली. तिची सवयच तशी. बोट धरायची न्हाई, अंगठाच धरायची. अंगठा गेला आन् ती गेली."

त्रिशला खिडकीबाहेर बघत होती.

"नसलेला अंगठा दुखतो का?" हे मी सगळ्यांनाच विचारते.

"दुखत न्हाई," ते म्हणाले. "धरलाय तिनं. अजून. सकाळी गोठ्यात बसलो की जास्त कळतं. अशी मूठ." त्यांनी डाव्या हातानं उजव्या हाताच्या रिकाम्या जागेभोवती हवेत मूठ वळून दाखवली.

इथं थोडं शास्त्र सांगायला हवं. आपल्या मेंदूत सगळ्या शरीराचा एक नकाशा असतो, आणि त्यात जागा आकारावर मिळत नाही, कामावर मिळते. पाठीएवढी पाठ, तिला चिंचोळी पट्टी. अंगठ्याला मात्र मोठा चौकोनी प्लॉट. अंगठा तुटला तरी प्लॉट राहतो. तिथं बातमी येणं बंद होतं, म्हणून तो जुनीच बातमी पुन्हा पुन्हा वाचत बसतो, आणि माणसाला नसलेला अंगठा जाणवत राहतो. आम्ही त्याला छाया म्हणतो. पुष्कळांची छाया शेवटच्या क्षणाला गोठलेली असते. ज्याचा अंगठा यंत्रात गेला त्याला तो अजून चेंगरलेलाच वाटतो.

नवा अंगठा करणं आता अवघड राहिलेलं नाही. पूर्वी त्यासाठी पायाचं एक बोट द्यावं लागायचं. आता दुसऱ्या हाताचा अंगठा मोजून त्याच्या उलट मापाचा हाडांचा सांगाडा छापतात, त्यात रुग्णाच्याच पेशी पेरतात आणि तो चौदा आठवडे त्याच्याच पोटाच्या कातडीखाली वाढू देतात. मग काढून हातावर बसवायचा. घोडं अडतं ते पुढे. नव्या अंगठ्याच्या नसा मेंदूतल्या त्या प्लॉटवर पोचतात तेव्हा तिथं छाया आधीच ठाण मांडून बसलेली असते. जागा एक आणि मालक दोन. आमच्या पहिल्या चार रुग्णांना यातून असली आग झाली, की एकानं नवाकोरा अंगठा परत कापून मागितला. तेव्हापासून आम्ही आधी छाया वाचतो आणि मग पुसतो. वाचायला एक टोपी आहे. ती डोक्यावर घातली की पडद्यावर अंगठ्याचं चित्र उमटतं आणि छायेला जिथं जिथं दाब जाणवतो तिथं तांबडं दिसतं. तेवढीच जागा धरून अकरा दिवस औषध आणि चुंबकाचे झटके द्यायचे. पुसलेली छाया परत येत नाही.

हे सगळं मी चौगुल्यांना समजेल अशा शब्दांत सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे चिनूची मूठ जाणार."

"जाणार."

"मग नको," ते म्हणाले आणि उठले. त्रिशलानं इतका वेळ रोखलेला श्वास सोडला. तो मला ऐकू आला आणि मी त्याचा सरळ अर्थ लावला: नवऱ्याला दुःखातून ओढून काढू नये असं वाटणारी बायको. असे अर्थ लावायची मला पगारी सवय आहे.

जानेवारीत ते परत आले. त्यांच्या सगळ्यांत चांगल्या म्हशीचं रेडकू आडवं आलं होतं. गुरांचे डॉक्टर पोचायला वेळ होता. रेडकाचे पाय धरून ओढायचे तर चिमूट लागते, आणि चार बोटांची चिमूट होत नाही. हात घसरत राहिला. रेडकू गेलं आणि दोन तासांनी म्हैसही.

"माझ्या हातनं दुसऱ्यांदा," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "त्या टोपीत मूठ दिसती का?"

"दाब दिसतो. बोटं कुठं कुठं टेकली आहेत ते दिसेल."

"छापून देता यील?"

मी विचार न करता हो म्हटलं. एका कागदाची तर गोष्ट होती.

"मग पुसा," ते म्हणाले. "आधी ती मूठ छापून द्या मला. फोटोशेजारी लावीन. मग पुसा."

हा सौदा मला आवडला, हे मी लपवत नाही. बापाला लेकीची मूठ कागदावर मिळणार, म्हशींना धनी मिळणार, आणि मला एक अवघड रुग्ण वळवल्याचं समाधान. त्याच आठवड्यात होनमान्यांनी त्यांच्या पोटात सांगाडा ठेवला.

मार्चमध्ये त्रिशला एकटीच आली. डबाभर खरवस आणला होता. तो टेबलावर ठेवून पदराला हात पुसत राहिली.

"मॅडम, एक विचारू? वाचल्याबिगर पुसता येत न्हाई का?"

"नाही. कुठं पुसायचं ते कळायला हवं. नाहीतर शेजारच्या बोटाचा नकाशा जाईल."

"मग ते चित्र तुमच्यापाशीच ठेवा. त्यांना दावू नका."

"अहो, तेवढ्यासाठीच तर ते तयार झालेत."

"आहे तसं चाललंय की आमचं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, भीती होती. मी ती भीतीसुद्धा माझ्या पद्धतीनं वाचली. लेकीची मूठ अशी परक्या पडद्यावर, लाल रंगात, हिला बघवणार नाही, असं मला वाटलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काळजी करू नका वगैरे बोलले. तिनं माझा हात हळूच बाजूला केला आणि डबा तिथंच सोडून गेली.

मेच्या पहिल्या आठवड्यात मी चौगुल्यांना टोपी घातली. त्यांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. फोटो काढायला आल्यासारखे ते ताठ बसले आणि डोळे मिटून घेतले. पडदा माझ्याकडे होता. त्रिशला बाहेरच्या बाकावर होती.

चित्र उमटायला चारेक मिनिटं लागतात. आधी अंगठ्याची नुसती बाह्यरेषा येते, मग तांबूस डाग, मग डागांना कडा येतात. लहान मुलाची मूठ कशी दिसते हे मला माहीत होतं, कारण टोपी जुळवताना आम्ही आमच्याच विभागातल्या कर्मचाऱ्यांच्या पोरांना आपापल्या आयांचे अंगठे धरायला लावून शेकडो चित्रं काढली होती. एका बाजूला चार मऊ ठिपके येतात, दुसऱ्या बाजूला तळहाताचा रुंद, फिकट पट्टा. मूठ कधीच अंगठ्याला सगळीकडून सारखी दाबत नाही. मुलाची पकड ढिली-घट्ट होत राहते, त्यामुळे रंगही हलत राहतो.

माझ्यासमोर तीन रेघा आल्या. अंगठ्याच्या बुडाशी एकावर एक, पूर्ण गोल फिरलेल्या, पेन्सिलीच्या जाडीच्या. रंग गडद आणि स्थिर. मी चित्र मोठं केलं. प्रत्येक रेघेत बारीक तिरक्या खाचा होत्या, पीळ घातलेल्या सुंभाला असतात तशा. वर, अंगठ्याच्या शेंड्यापर्यंत, सगळं कोरं होतं. मी टोपी पुन्हा जुळवली, दुसऱ्यांदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं.

दोष टोपीचा नव्हता. मेंदूला फक्त घट्ट एवढंच कळतं. कुणी घट्ट धरलंय, हे तो आपल्या आठवणीतून भरून घेतो. बुंध्यावर डोकं आपटलेल्या माणसाला दोर अंगठ्यावर घेतल्यानंतरचं काही आठवत नव्हतं. त्याआधीची आठवण होती ती पत्र्यावरून उतरताना अंगठा धरलेल्या मुलीची. मेंदूनं ती त्या घट्टपणावर बसवून टाकली होती. अंगठा गेला तेव्हा त्या अंगठ्याला कुणीही धरलेलं नव्हतं.

"दिसली का?" चौगुल्यांनी डोळे न उघडता विचारलं. चेहऱ्यावर हसू होतं. "आता बी धरलंय तिनं. दिसत असंल."

इतक्या वर्षांत रुग्णाशी मी खोटं बोललेले नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. "चित्र साफ करायला वेळ लागेल," मी म्हणाले. "उद्या अकराला या. दोघंही या."

त्यांना पोटावरची पट्टी बदलायला पाठवून मी बाहेर आले. त्रिशला बाकावरून उठली आणि माझ्या तोंडाकडे बघून पुन्हा बसली.

"दोर दिसला न्हवं?" ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसले. मार्चपासूनचं, किंबहुना नोव्हेंबरपासूनचं सगळं माझ्या डोक्यात आता वेगळ्या जागी जाऊन बसत होतं, आणि मला माझीच लाज वाटत होती.

"तुम्हाला माहीत होतं."

"मीच घेतली की तिला त्यांच्याकडनं. दोर घ्यायचा म्हणून त्यांनी माझ्याकडं दिली. त्यांना आठवत न्हाई." ती अगदी सपाट आवाजात बोलत होती. "पाठीमागं वल्ही मारणाऱ्यांनी तिला त्यांचा अंगठा धरून उतरताना बघितलं. फुडचं कुणी बघितलं न्हाई."

"मग इतकी वर्षं..."

"छावणीत ते शुद्धीवर आले आन् पहिलं तेच बोलले. माझ्या हातनं गेली म्हणाले. माझं तोंड उघडंना मॅडम. म्हटलं, उद्या सांगू. मग ती सापडली. मग दहावं झालं. मग ते म्हणायला लागले, चिनूनं धरलंय मला अजून. आता सांगितलं तर ते बी जाणार." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही दावू नका. यंत्र बिघडलं म्हणा."

मला ते सहज म्हणता आलं असतं. यंत्रं बिघडतात, चित्रं पुसली जातात, कुणी तपासायला येत नाही. एखाद्या मुलाच्या मुठीचं जुनं चित्र छापून दिलं असतं तरी त्या माणसानं ते आयुष्यभर भिंतीवर लावलं असतं. हा विचार माझ्या मनात आला आणि थोडा वेळ राहिला, हे सांगितलं पाहिजे.

"नकाशा त्यांचा आहे," मी शेवटी म्हणाले. "उद्या अकराला मी तो त्यांना दाखवणार. त्याआधी तुम्ही सांगितलंत तर बरं."

"तुम्हाला पोरं हायत?"

"नाहीत."

ती हसली. ते हसणं फार वाईट होतं. मग ती पिशवी उचलून नवऱ्याला आणायला पट्टीच्या खोलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या आधीच ते दोघे आले. चौगुल्यांच्या हातात पुठ्ठ्याची नळी होती, छापलेला कागद दुमडू नये म्हणून घरून आणलेली. ती बघितली आणि मला कळलं की बायकोनं काही सांगितलेलं नाही. त्रिशला याही वेळी खुर्चीत बसली नाही.

मी भाषण तयार केलं होतं. मेंदू, आठवण, भरून घेणं वगैरे. पण पडदा त्यांच्याकडे वळवला आणि भाषणाची गरज संपली. म्हशी धरणाऱ्या माणसाला दोराचा वळ ओळखायला माझी मदत नको होती. ते पुढे वाकले. पडद्यावरच्या तिरक्या खाचांवरून त्यांनी डाव्या हाताचं बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

"हा दोर हाय," ते म्हणाले.

"हो."

"तीन वेढं. माझंच हायत." ते अजून पडद्याकडेच बघत होते. "आन् चिनू?"

ते सांगणं माझं काम नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्यात ती हिंमतही नव्हती.

"मॅडम, चिनू कुठं हाय ह्यात?"

"ती माझ्यापाशी होती," त्रिशला म्हणाली.

ते वळले.

"तुम्ही दिली माझ्याकडं. मांडीवर होती माझ्या. नाव कलली." तिचा आवाज कालच्यासारखाच सपाट होता, फक्त हात भिंतीला घट्ट टेकलेले होते. "मी काठ धरला नावेचा. दोन्ही हातांनी. अहो, दोन्ही हातांनी धरला मी. मग मांडीकडं बघितलं."

बाहेर कुणीतरी पंख्याची तक्रार करत होतं.

"मी सगळ्या गावाला सांगत फिरलो," चौगुले म्हणाले. "माझ्या हातनं गेली म्हणून. तू शेजारी बसून ऐकलंस."

"ऐकलं."

"तुझ्या आईनं मला तोंडावर विचारलं, एक पोर सांभाळता आली न्हाई का म्हणून. तवा बी."

"तवा बी ऐकलं."

मला वाटलं, आता ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उजव्या हाताकडे बघत बसले, त्या रिकाम्या जागेकडे, आणि हळूहळू त्यांचा चेहरा वेडावाकडा होत गेला. राग मला दिसला नाही. लहान मुलाच्या हातातलं काही काढून घेतल्यावर होतं तसं ते रडले, मोठ्यानं, तोंड न झाकता.

"मग रोज सकाळी मला कोण धरत होतं?" त्यांनी मला विचारलं. "एवढी वर्षं कोण धरत होतं?"

यावर मी पान-दोन पानं शास्त्र सांगू शकते. तेव्हा मी नुसता पडदा बंद केला.

पुसण्याच्या कागदावर त्यांनी त्याच दिवशी डाव्या हातानं सही केली. पुठ्ठ्याची नळी टेबलावरच राहिली.

पुढचे अकरा दिवस ते रोज येत होते. त्रिशलाही यायची, पण त्याच गाडीतून नाही. ती एसटीनं यायची, बाहेरच्या बाकावर बसायची, आणि तासाभरानं ते बाहेर आले की त्यांच्या मागून दहा पावलांवर चालत जायची. ते तिच्याशी बोलत नव्हते. चौथ्या दिवशी मी मध्ये पडायचा प्रयत्न केला. "त्यांनी तुम्हाला फसवायचं म्हणून नव्हतं केलं," असं काहीतरी म्हणाले. त्यांनी टोपीखालून माझ्याकडे बघितलं आणि "तुमचं काम करा मॅडम" एवढंच म्हटलं. त्यांचं बरोबर होतं.

छाया एकदम जात नाही. सहाव्या दिवशी वरचा वेढा फिकट झाला, आठव्याला गेला. "एक सुटला," ते म्हणाले. मधला दहाव्या दिवशी गेला. अकराव्या दिवशी बुडाचा वेढा जाताना मी पडद्याला नाक लावून बसले होते, कारण दोराच्या खाली काही लपलेलं असेल अशी एक वेडी आशा मला होती. एखादा मऊ ठिपका, फिकट, हलता. शास्त्राला धरून ती आशा मूर्खपणाची होती आणि तरी मी ती धरून होते.

तांबडं पुसट झालं, गुलाबी झालं, गेलं. खाली काहीही नव्हतं.

"काय वाटतंय?" मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटून वाट बघितली. तेही तेच शोधत होते, हे मला कळलं.

"काय न्हाई," ते म्हणाले. "कायच न्हाई आता तिथं."

टोपी काढली. होनमान्यांनी पुढच्या गुरुवारची शस्त्रक्रिया ठरवली होती. तिचा कागद मी त्यांना दिला. तो खिशात घालून ते बाहेर गेले. दार उघडंच राहिलं. बाकावर त्रिशला उठून उभी राहिली, नेहमीसारखी, त्यांनी पुढे जावं म्हणून.

ते पुढे गेले नाहीत. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. दोघांच्या मध्ये आणखी एक माणूस बसेल एवढी जागा होती. ती उभीच.

"बस," ते म्हणाले.

ती बसली.

"सुटलं सगळं," त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघत सांगितलं. "माझ्यापाशी आता तिचं कायच उरलं न्हाई."

त्रिशलानं तोंडात पदर धरला.

"तुझ्यापाशी हाय," ते म्हणाले. "शेवटचं ती तुझ्यापाशी होती. मला त्यातलं काय म्हाईत न्हाई. मी तुला माफ केलं का न्हाई ते बी म्हाईत न्हाई मला. ते नंतर बघू." ते तिच्याकडे वळले. "मांडीवर कशी बसली होती, ते सांग. मी दिल्यापासनं सांग. गाळू नको काय."

मी उठून दार लावायला हवं होतं. हात दाराच्या मुठीवर गेला आणि तिथंच राहिला.

त्रिशलानं पदर तोंडातून काढला, मांडीवर सारखा केला, आणि तिथं कुणी बसलेलं असावं तसा हात त्यावर ठेवला.

"तिला झोप आली होती," ती म्हणाली.